रुई कशाची, राख कशाची

पवनारच्या पुढे, धाम नदीच्या अंगाला असलेल्या एका गावच्या शाळेत आठवीला पेशीचा धडा चालू होता. दिवाळी होऊन गेली होती आणि शेतांमध्ये कापसाची वेचणी जोरात होती.

"पेशी नुसत्या डोळ्यांनी दिसते का?" मॅडमनी विचारलं.

"नाही," सगळा वर्ग म्हणाला.

मॅडमनी पिशवीतून कापसाचं एक फुटलेलं बोंड काढलं. त्यातली एक सरकी मोकळी केली, तिच्यावरचा एकच तंतू चिमटीत धरून हलकेच ओढला आणि काळ्या कागदावर ठेवला. मुलं टेबलाभोवती गोळा झाली.

"दिसतो?"

"दिसतो."

"मग पेशी दिसली तुम्हाला. हा अख्खा तंतू म्हणजे एक पेशी आहे."

मुलं कागदावर वाकली. ज्या कापसाच्या ढिगावर ती लहानपणी लोळली होती, ज्याची बोंडं वेचताना त्यांची बोटं ओरबाडली होती, तो ढीग पेशींचा होता हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मॅडमनी सगळं नीट सांगितलं. सरकीच्या सालीचा सगळ्यात वरचा थर पेशींचा असतो. फूल उमलतं त्याच सुमारास त्यातल्या काही पेशी लांब व्हायला लागतात. विभागणी नाही, एकीच्या दोन नाहीत. तीच एक पेशी सुमारे तीन आठवडे नुसती लांबत राहते. मग तिच्या आतल्या बाजूने सेल्युलोजचे थर चढायला लागतात. फूल उमलल्यापासून साधारण पन्नास दिवसांनी बोंड फुटतं, पेशीतलं पाणी उडतं आणि पेशी मरते. लांबी जेमतेम तीन सेंटिमीटर, जाडी मात्र आपल्या केसाहूनही कमी. एका सरकीवर असे दहा हजारांहून जास्त तंतू असतात.

सूक्ष्मदर्शकाखाली तो तंतू चपटा, ठिकठिकाणी पिळलेला दिसला. सुकताना पेशीच्या भिंती आत बसतात आणि तिला आपोआप पीळ पडतो. त्या पिळामुळेच तंतू एकमेकांना धरून राहतात आणि कापसाचं सूत निघतं.

"म्हणजे मेलेलीच पेशी विकतो आपण?" मागच्या बाकावरच्या मुलाने विचारलं.

"हो. आणि रॉबर्ट हुकने १६६५ मध्ये बुचाच्या कापात पाहिल्या त्याही मेलेल्याच होत्या. नुसत्या भिंती उरलेल्या. त्यांनाच त्याने पेशी हे नाव दिलं."

खरा प्रश्न मात्र पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारला. तिच्या घरची पाच एकर कपाशी होती. ती म्हणाली, "मॅडम, ही पेशी कशाची झाली? खताची का?"

मॅडमनी फळ्यावर तीन नावं लिहिली: कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन. सेल्युलोज या तिघांचंच असतं. कार्बन आणि ऑक्सिजन पानांनी हवेतून घेतलेले, हायड्रोजन मुळांनी ओढलेल्या पाण्यातला, आणि जोडणी उन्हाच्या बळावर झालेली. रुईत नत्र, स्फुरद, पालाश नावापुरतंच. मग बाबा पोत्यांनी टाकतात ते खत जातं कुठे? ते जातं पानांत, कारण हरितद्रव्याला नत्र लागतं. ते जातं प्रत्येक जिवंत पेशीच्या केंद्रकात, कारण डीएनए स्फुरदाशिवाय बनत नाही. ते जातं सरकीत, कारण पुढच्या रोपाची सगळी शिदोरी तिथे बांधलेली असते. आणि उरतं ते पराटीत, म्हणजे वेचणी संपल्यावर शेतात उभ्या राहिलेल्या झाडात.

एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये नेला की सुमारे पस्तीस किलो रुई निघते आणि बाकी बहुतेक सरकी. वर्धा जिल्ह्याला हे नवीन नाही. हिंगणघाटची बाजारपेठ कापसासाठी पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेली आहे. पण शेतकऱ्याच्या हातून जे जातं त्यातलं हवेचं किती आणि मातीचं किती, हा हिशेब बाजारपेठेत कुणी मांडत नाही. तो आठवीच्या वर्गात मांडला गेला.

मॅडमनी घरचा अभ्यास दिला. वहीच्या पानाचे दोन भाग करायचे, एकीकडे 'आमच्या घरून काय जातं' आणि दुसरीकडे 'काय परत येतं'. खाली, हे लिहिताना मनात काय आलं, ते लिहायचं.

बऱ्याच मुलांनी बऱ्यापैकी लिहिलं. कुणी सरकीच्या ढेपेबद्दल लिहिलं की ढेप ढोरं खातात, ढोरांचं शेण शेतात जातं, म्हणजे सरकीतली माती आपल्या घरी परत येते. पण आता ढोरंच विकली, तर ती कुठून येणार? कुणी धुऱ्यावर पडलेल्या कीटकनाशकांच्या रिकाम्या बाटल्या लिहिल्या आणि समोर 'या परतही येत नाहीत आणि जातही नाहीत' असं लिहिलं. एका मुलाने लिहिलं, आमचं शेत नाही. माय वेचायला जाते. आमच्या घरून मायचं बळ जातं, परत किलोप्रमाणे मजुरी येते. मायच्या पेशीतल्या तंतुकणिकांना (मायटोकॉन्ड्रियांना) भाकर लागते, आणि भाकरीला मजुरी लागते. मला विचाराल तर त्या पूर्ण गठ्ठ्यात याहून खरं कुणी लिहिलं नव्हतं. मॅडमनी त्यावर बरोबरची खूण केली नाही. ती वही त्यांनी वर्गात वाचून दाखवली आणि थोडा वेळ काही बोलल्या नाहीत.

पहिल्या बाकावरच्या मुलीने लिहिलं: 'रुई जाते ती हवेची आहे. ती कितीही गेली तरी हवा आणि पाणी पुन्हा येईल. पराटी मातीची आहे. ती आम्ही जाळतो.'

तिचं पूर्ण बरोबर नव्हतं. पराटीतही बराचसा कार्बनच असतो, म्हणजे हवाच. पण शेताने दिलेलं नत्र, स्फुरद, पालाश त्यात आहे, आणि काडी लावली की नत्र जवळजवळ सगळं धुरात जातं. पालाश राखेत उरतो; तोही जिथे ढीग पेटवला त्या एका जागी.

त्याच थंडीत वर्ग वर्ध्याला मगनवाडीत गेला. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम इथून चालायचं आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस होते. इथलं मगन संग्रहालय गांधीजींनी ३० डिसेंबर १९३८ रोजी उघडलं. कुमारप्पांनी पुढे तुरुंगात असताना टिकाऊ अर्थव्यवस्थेवर एक पुस्तक लिहिलं. ते १९४५ च्या सुमारास आलं, म्हणजे पर्यावरण हा शब्द आपल्या बोलण्यात येण्याच्या कितीतरी आधी. त्यात त्यांनी संपत्तीचे दोन प्रकार सांगितले. एक साठ्याची: कोळसा, खनिज तेल, काढत गेलं की संपते. दुसरी प्रवाहाची: जंगल, वाहतं पाणी, जपून घेतली तर येत राहते. मॅडमनी हे सांगितल्यावर ती मुलगी म्हणाली, "रुई प्रवाहाची. आणि आपण जाळतो ते साठ्यातलं." कुमारप्पांना ही विद्यार्थिनी आवडली असती.

फेब्रुवारी आला. शेवटचा वेचा झाला, पराटी उपटून धुऱ्याशी ढीग लागले. संध्याकाळी आजूबाजूच्या शेतांतून धूर निघायला लागला. मुलगी बाबांना म्हणाली, "बाबा, आपली जाळू नका नं."

"काऊन?"

तिने सगळं सांगितलं. बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "पराटी ठेवली तं बोंडअळी तिच्यातच राहते. मागच्या साली किती माल नासवला तिनं, तुले माहीत आहे. वखरणी कधी कराची? मजूर कुठून आणू? मॅडमले विचार."

आबा खाटेवर बसून ऐकत होते. त्यांच्या लहानपणी पराटी जळायची, पण चुलीत. त्यावर घरचा स्वयंपाक व्हायचा. आता घरात गॅस होता आणि पराटी नुसती अडचण झाली होती. नातीने तंतूचं सांगितलं तेव्हा मात्र ते सावरून बसले. ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून हातकामातून शिकवणारी नई तालीम निघाली, तिच्यातून टकळी शाळेत आली, आणि आबांच्या पिढीपर्यंत ती टिकून होती. "म्हणजे शाळेत आमी टकळीवर पेशीलेच पीळ देत होतो?" ते म्हणाले.

"पहिला पीळ तिचा तिनंच घातलेला असते, आबा."

दुसऱ्या दिवशी तिने बाबांचे प्रश्न जसेच्या तसे वर्गात मांडले. मॅडमनी ते उडवून लावले नाहीत, ही या गोष्टीतली फार महत्त्वाची बाब आहे. त्या म्हणाल्या, "तुझे बाबा बरोबर सांगतात. गुलाबी बोंडअळी उरलेल्या, न फुटलेल्या बोंडांत लपून राहते. पराटी शेतात तशीच ठेवणं चूकच. पण ठेवणं आणि जाळणं एवढे दोनच रस्ते आहेत का?"

तेव्हा मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, पेशी पण जाळतेच की. तंतुकणिकेत साखरेचं ऑक्सिजनशी ज्वलन होते, असं तुम्हीच सांगितलं होतं."

असा प्रश्न यावा म्हणून शिक्षक वर्षानुवर्षं वाट बघतात. मॅडम खुर्चीवरून उठल्या. साखर विस्तवात टाकली तरी शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणीच होतं, पेशीत गेली तरी तेच. सुरुवात तीच, शेवट तोच. फरक मधल्या वाटेत आहे. विस्तवात सगळी ऊर्जा एका झटक्यात सुटते आणि उष्णता होऊन निघून जाते. पेशी तीच साखर पायरीपायरीने मोडते, प्रत्येक पायरीला वेगळं विकर, आणि सुटलेल्या ऊर्जेचा बराच भाग एटीपीच्या रेणूंत धरून ठेवते. तो एटीपीही ती वापरून टाकून देत नाही. वापरलेला पुन्हा भरते. आपल्या शरीरात एका वेळी एटीपी असतो थोडाच, पण दिवसभरात तो पुन्हा पुन्हा भरला जाऊन सुमारे आपल्या वजनाइतक्या एटीपीचं काम करून जातो.

आणि पेशीतले जुने, मोडके भाग? लयकारिका त्यांचे तुकडे करतात आणि ते तुकडे नव्या बांधकामाला जातात. क्रिस्तियाँ द दूव यांनी १९५५ मध्ये लयकारिका ओळखल्या. जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी किण्वाच्या पेशी उपाशी ठेवून पाहिल्या आणि त्या स्वतःचेच भाग रिक्तिकेत नेऊन मोडतात, हे कसं घडतं ते उलगडलं. त्यासाठी त्यांना २०१६ चं नोबेल मिळालं. उपाशी पेशी घरातलं सामान पेटवत नाही, ते उकलून परत वापरते.

"मग पराटी पायरीपायरीने मोडायची," मुलगी म्हणाली. "पण कोण मोडणार?"

"बुरशी आणि जिवाणू. त्याही पेशीच आहेत."

बाबांनी सगळी पराटी दिली नाही. एक ढीग दिला, आणि तोही आबांनी शब्द टाकला म्हणून. ट्रॅक्टरवरचा श्रेडर भाड्याने आणून त्या पराटीचा भुगा केला, कारण अख्खी काडी लवकर कुजत नाही आणि भुग्यात अळीला लपायला जागा राहत नाही. पराटीत कार्बन फार आणि नत्र कमी, म्हणून जिवाणूंना नत्र द्यावं लागतं. शेजाऱ्याकडून शेण आणून त्याचा काला प्रत्येक थरावर शिंपला. वरून पाणी, ओलसर राहील इतकंच. मजुराच्या मुलाने, त्याच 'मायचं बळ' लिहिणाऱ्याने, शाळा सुटल्यावर थर लावायला हात दिला.

काही दिवसांनी मॅडम वर्ग घेऊन शेतात आल्या. ढिगात एक लोखंडी सळई खुपसून ठेवली होती. ती ओढली आणि मुलांनी हात लावून लगेच मागे घेतला. अशा ढिगाच्या पोटात तापमान साठ अंशांच्या आसपास जातं. त्यात अळीही तगत नाही आणि तणाचं बरंचसं बीही.

"आग नाही, तरी गरम कसं?" बाबांनी विचारलं. वर्गात मागच्या बाकावर बसणारा मुलगा पुढे झाला आणि म्हणाला, "काका, आत कोट्यवधी पेशी जेवून राहिल्या."

उरलेली पराटी त्या वर्षी जळलीच. मुलीला वाईट वाटलं, पण ती भांडली नाही. जूनमध्ये पहिल्या पावसाआधी एका ढिगाचं खत एका कोपऱ्यात पसरलं. पूर्ण काळंभोर झालं नव्हतं, मधेमधे काड्या होत्या. त्या हंगामात तिथे काही चमत्कार झाला नाही. मातीत सेंद्रिय कर्ब एका वर्षात वाढत नाही आणि कुणी तसं सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. एवढं झालं की तिथे पाऊस पडून गेल्यावर ओल जास्त दिवस टिकली, आणि ती बाबांच्या पायांना कळली. शेतकऱ्याच्या पायांना हे फार लवकर कळतं. पुढच्या वर्षी शेवटचा वेचा व्हायच्या आधीच त्यांनी श्रेडरवाल्याला फोन केला आणि शेजारच्या दोघांना भाड्यात भागीदार करून घेतलं.

वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडच्या विज्ञान शिक्षकांना एक विनंती आहे. पेशीचा धडा घाईने आटोपू नका. कांद्याचा पापुद्रा जरूर दाखवा, पण धडा बोंड फुटेपर्यंत लांबवा. मग ज्याच्या घरी शेत आहे त्याला आणि ज्याची माय वेचायला जाते त्यालाही एकेक बोंड आणायला सांगा, आणि वहीच्या पानाचे दोन भाग करायला लावा.