गाण्यांची गणना आणि गाण्यांचे मोल

एखाद्या गोष्टीची मोजदाद झाली म्हणजे तिचे मोल कळले, असे मानण्याची सवय आपल्या काळाला जडली आहे. ही सवय कितपत योग्य आहे, याचा विचार करण्यासाठी आम्ही एक साधेच उदाहरण निवडले आहे. ते आहे नाताळच्या गाण्यांचे आणि पाश्चात्त्य देशांत दर आठवड्याला निघणाऱ्या लोकप्रिय गीतांच्या क्रमवारीचे.

अशी क्रमवारी आपल्याला नवखी नाही. रेडिओ सिलोनवर १९५२ साली सुरू झालेल्या अमीन सयानींच्या ‘बिनाका गीतमाले’ने आपल्या वडीलधाऱ्यांना बुधवारची वाट पाहायला लावली होती. अमेरिकेत ‘बिलबोर्ड’ या नियतकालिकाची शंभर गीतांची यादी ऑगस्ट १९५८ पासून प्रसिद्ध होत आहे. या आठवड्यात लोकांच्या ओठी नवे काय आले, हे सांगणे हा अशा यादीचा हेतू. नाताळचे गीत मात्र दरवर्षी तेच असते आणि तेच असावे अशीच लोकांची इच्छा असते. या दोहोंचा मेळ कसा बसावा?

यादी निघण्यापूर्वीच हा पेच दिसू लागला होता. अर्व्हिंग बर्लिन यांनी रचलेले आणि बिंग क्रॉस्बी यांनी गायिलेले ‘व्हाइट ख्रिसमस’ १९४२ साली तेव्हाच्या क्रमवारीत अग्रस्थानी आले आणि १९४५ व १९४६ च्या नाताळांत पुन्हा तेथे जाऊन बसले. जुने पाहुणे दरवर्षी पहिली पंगत अडवू लागले तर नव्यांनी बसावे कोठे? १९६३ पासून सुमारे दशकभर ‘बिलबोर्ड’ने यावर तोडगा काढला. नाताळच्या गीतांची वेगळी यादी केली आणि मुख्य यादीत त्यांना प्रवेश बंद केला.

हा निर्णय अन्यायाचा होता, असे आम्ही चटकन म्हणणार नाही. धडपडणाऱ्या नव्या गायकाला एखादा आठवडा मिळावा, ही अपेक्षा रास्तच आहे. शिवाय वेगळी पंगत म्हणजे अपमान, असेही नाही. पाहुण्याचा मान राखला गेला की झाले. परंतु नियमाला एक दोष चिकटतोच. ज्यासाठी तो केला, त्यापलीकडचे त्याला दिसत नाही.

मराया कॅरी यांचे ‘ऑल आय वाँट फॉर ख्रिसमस इज यू’ हे गीत १९९४ साली आले. तेव्हाच्या नियमानुसार, दुकानात स्वतंत्र ध्वनिमुद्रिका म्हणून विक्रीस नसलेले गीत मुख्य यादीला अपात्र ठरे. हे गीत तसे विक्रीस नव्हते. घराघरांत ते वाजत होते, पण यादीच्या लेखी ते नव्हतेच! १९९८ साली तो नियम सैल झाला. जुन्या गीतांच्या पुनरागमनाचा नियमही २०१२ साली शिथिल झाला. अखेर डिसेंबर २०१९ मध्ये, जन्मानंतर पंचवीस वर्षांनी, ते गीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्याआधी १९५८ साली खारींच्या चिरक्या आवाजातल्या एका विनोदी गीताखेरीज नाताळचे एकही गीत या यादीत पहिले आले नव्हते. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये ब्रेंडा ली यांचे ‘रॉकिंग अराउंड द ख्रिसमस ट्री’ पहिले आले. त्यांनी ते १९५८ साली तेराव्या वर्षी गायिले होते. पहिला क्रमांक मिळाला तेव्हा त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या.

या पासष्ट वर्षांत गाणे बदलले का? नाही. माप बदलले. पूर्वी ध्वनिमुद्रिकेची खरेदी एकदाच मोजली जाई. मग ती घरी एकदा वाजो की वीस नाताळ वाजो. आता इंटरनेटवरील प्रत्येक ऐकणे मोजले जाते, म्हणून जुन्या गाण्यावरचे प्रेम यादीला प्रथमच दिसू लागले. ते प्रेम आधीही होतेच. ते पाहणारा डोळा मात्र नव्हता.

तर मग नवे माप सत्य सांगते काय? आम्हांस तसेही वाटत नाही. कोणीतरी आधीच जुळवून ठेवलेली गाण्यांची माळ कामाच्या गडबडीत नुसती वाजत राहिली, तरी तिची नोंद होते. तेथे मन होते की नाही, हे यंत्र विचारीत नाही. शिवाय अलीकडे डिसेंबरअखेर पहिल्या दहांतली बहुतेक गीते नाताळचीच असतात आणि नवोदितांना उंबरठ्याबाहेर थांबावे लागते. म्हणजे एका मापाने जुन्यांना वगळले, तर दुसरे नव्यांना झाकून टाकते.

ख्रिस्ती वाचकांना आणखी एक गोष्ट जाणवेल. ही गीते वर चढू लागतात ती आगमनकाळात, जेव्हा ख्रिस्तसभा जांभळ्या वस्त्रांत प्रतीक्षा करीत असते. जानेवारी उजाडताच ती यादीतून नाहीशी होतात. प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालणारा आपला नाताळकाळ मात्र तेव्हा संपलेला नसतो. बाजाराचे पंचांग वेगळे आणि उपासनेचे वेगळे. प्रतीक्षेचे दिवस सणात मोडायचे आणि खुद्द सणाचे दिवस सोडून द्यायचे, असा हा हिशेब आहे.

‘सायलेंट नाइट’ हे गीत २४ डिसेंबर १८१८ रोजी ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फच्या देवळात प्रथम गायिले गेले. शब्द होते फादर योसेफ मोर यांचे आणि चाल फ्रान्झ ग्रूबर या शिक्षकाची. तिरोल प्रांतातल्या गाणाऱ्या कुटुंबांनी ते गावोगावी पोहोचविले. त्याला कोणी क्रमांक दिला नव्हता. एकाने दुसऱ्याला शिकविले, एवढेच. ‘व्हाइट ख्रिसमस’ लिहिणारे बर्लिन ज्यू होते, त्यांची पत्नी कॅथोलिक. त्यांचे तान्हे बाळ २५ डिसेंबर १९२८ रोजी, ऐन नाताळच्या दिवशी दगावले. त्या गीताच्या कोट्यवधी प्रती खपल्या, हे आकडे सांगतात. ज्या घरात ते रचले गेले त्या घरी नाताळची सकाळ कशी उगवत असेल, हे कोणता आकडा सांगणार?

मोजणे वाईट नाही. धान्य, पैसा, दिवस हे मोजलेच पाहिजेत. मात्र मोजण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: हे माप कशासाठी केले आणि त्यातून कोण निसटते? आपल्या धर्मग्रामांतही गीतस्पर्धांचे गुण, देणग्यांच्या याद्या, उपस्थितीचे आकडे असतातच. गायनवृंदात मागल्या बाकावर उभी राहून चाळीस वर्षे खालचा सूर धरणारी आजी यांपैकी कोणत्याही यादीत नसते. ती गप्प झाली की गाणे पोकळ झाल्याचे सर्वांना कळते. भांडारातून जुने आणि नवे दोन्ही बाहेर काढणाऱ्या गृहस्थाचा दृष्टान्त प्रभूने सांगितला आहे. त्या गृहस्थाने जुन्यानव्याची क्रमवारी लावल्याचा उल्लेख त्यात नाही. कशाची गरज केव्हा आहे, एवढे त्याला ठाऊक असावे आणि तेवढे पुरेसे असावे.