अडगळ कोणाची?

थोडक्या वस्तूंत राहावें, घर मोकळें ठेवावें, हा उपदेश अलीकडे सुशिक्षितांच्या कानीं वारंवार पडूं लागला आहे. जपानांतील मारी कोंडो यांचें घर आवरण्यावरील पुस्तक २०११ सालीं प्रसिद्ध झालें आणि तेथून अनेक भाषांत गेलें. त्यांची कसोटी सोपी आहे. प्रत्येक वस्तु हातीं घ्यावी, तिच्या स्पर्शानें मन उल्हसित होतें कीं नाहीं हें पाहावें, आणि होत नसेल तर आभार मानून तिला निरोप द्यावा. आभार मानण्याची ही रीत मोठी हृद्य आहे यांत शंका नाहीं. परंतु आमच्याकडे या उपदेशाचें स्वागत करितांना कित्येकजण लागलींच 'अपरिग्रह' हा शब्द उच्चारतात. येथें मात्र किंचित् थांबावेंसें वाटतें.

अपरिग्रह हा पातंजल योगांतील पांच यमांपैकीं एक आणि जैनांच्या पांच महाव्रतांपैकींही एक. तत्त्वार्थसूत्रकार उमास्वाती यांनीं परिग्रहाची व्याख्या करितांना वस्तूंची मोजदाद केली नाहीं. मूर्च्छा, म्हणजे आसक्ति, हाच परिग्रह असें ठरविलें. गृहस्थासाठीं त्या परंपरेनें जें व्रत सांगितलें त्याचें नांव परिग्रह-परिमाण. शेत, घर, सोनें, धान्य, भांडीं यांची मर्यादा ज्याची त्यानें आधींच बांधून घ्यावयाची. म्हणजे हें व्रत उंबरठ्यावर बसलेलें आहे. वस्तु आंत येतांनाच तें तिला अडवितें. माळा भरून वाहूं लागल्यावर चढणारा साफसफाईचा ज्वर आणि हें व्रत यांचें नातें मला फारसें जवळचें वाटत नाहीं. शिवाय मर्यादा बांधावयाची ती आपल्या हव्यासाला. दुसऱ्याच्या ट्रंकेबद्दल व्रत अवाक्षर काढीत नाहीं.

वस्तु टाकण्याच्या संदर्भांत थोरोची गोष्ट नेहमीं सांगितली जाते. १८४५ सालीं तो वॉल्डन तळ्याकांठीं राहावयास गेला. त्याच्या मेजावर चुनखडीचे तीन दगड होते. त्यांची धूळ रोज झटकावी लागते हें ध्यानीं येतांच त्यानें ते खिडकीबाहेर भिरकावले. गोष्ट गोड खरी. पण दगड त्याचे होते, झोंपडी त्यानेंच बांधलेली होती (जमीन मात्र इमर्सनची!), आणि तेथें तो एकटा राहात होता. त्याच झोंपडींत एक सासू आणि दोन सुना असत्या, तर दगड कोणाचे हा प्रश्न आधीं निघाला असता.

आपल्याकडे घर मोकळें करण्याचा उत्साह चढला म्हणजे पहिली धाड बहुधा घरांतील वृद्ध स्त्रीच्या वस्तूंवर पडते. पितळेचे डबे, तांब्याचें घंगाळ, ठोक्याचीं पातेलीं, पाटा-वरवंटा, जुन्या लुगड्यांचें गांठोडें. मुलगा प्रेमळ असतो, सूनही समंजस असते, आणि दोघेंही विचारतात, "आई, हें कशाला हवें? दहा वर्षांत कोणी हात लावलेला नाहीं." वापर ही एकच कसोटी धरली, तर याला उत्तर नाहीं. परंतु एकदां त्या भांड्यांच्या कांठावर टोंचून घातलेलें नांव वाचून पाहावें. घर नवऱ्याच्या नांवावर, शेत सासऱ्याच्या नांवावर. १९३७ च्या कायद्यानें हिंदु विधवेला पतीच्या मिळकतींत हिस्सा दिला, तोही तिच्या हयातीपुरता. पूर्ण मालकी तिला १९५६ च्या कायद्यानें मिळाली. आणि एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीला मुलाच्या बरोबरीचें स्थान देण्यास केंद्रीय कायद्याला २००५ सालापर्यंत सवड झाली नाहीं. या साऱ्या काळांत पुष्कळ घरांत तिचें नांव कोठें कोरलेलें असेल, तर तें त्या पातेल्याच्या कांठावर. तिनें तें जपलें याला आसक्ति म्हणावयाचें असेल तर खुशाल म्हणावें. मला तसें म्हणवत नाहीं.

त्या पिढीचें टाकणेंही निराळें होतें. लुगडें विरलें कीं गोधडींत जाई, गोधडी फाटली कीं पायपुसण्यांत. बोहारीण दारीं आली म्हणजे चार जुन्या कपड्यांवर एक पातेलें मिळविण्यासाठीं तासभर घासाघीस चाले. आपण त्या घासाघिशीला हसतों. पण आपली वस्तु कोणाच्या हातीं जात आहे हें देणारीला डोळ्यांनीं दिसत असे. देवनारला १९२७ पासून मुंबईचा कचरा सांचत गेला आणि त्याचा डोंगर झाला. त्या डोंगराच्या पायथ्याशीं माणसें राहातात. मोकळ्या झालेल्या दिवाणखान्यांतून तो डोंगर दिसत नाहीं, इतकेंच.

सुनेचीही बाजू आहे. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत पितळ चिंचेनें घासणारे हात तिचे, आणि निजावयास जागा अपुरी पडते तीही तिच्याच मुलांना. ती कंटाळली तर तिला बोल लावतां येणार नाहीं. मात्र सासूबाई यात्रेला गेल्या असतां माळा रिकामा करणें हा त्याग कोणत्याच शास्त्रांत बसत नाहीं. कारण ज्याचें जें नाहीं, तें त्याला सोडतां येत नाहीं. तिला समोर बसवून एकेक भांडें खालीं उतरवावें. हें थोरल्या नातीला, हें देवळाला, हें मोडींत, असें ती स्वतःच सांगूं लागेल. बऱ्याचदां आपल्या अपेक्षेहून अधिकच देऊन टाकील. आणि घंगाळ देणार नाहीं. तें कोपऱ्यांत राहील, आणि येतां-जातां त्याला वळसा घालून चालावें लागेल.