फाशी, जन्मठेप आणि इन्साफ

एखादे अघोरी हत्याकांड घडले की चौकातल्या चहाच्या टपरीवर एकच मागणी ऐकू येते : फासावर लटकवा. त्या आवाजात आम्हीही अनेकदा आमचा आवाज मिसळला आहे, हे आधी कबूल केले पाहिजे. कोवळ्या पोरीवर अत्याचार झाल्याची बातमी वाचून ज्याचे रक्त तापत नाही, त्याच्याकडून इन्साफाची अपेक्षा तरी काय करावी? पण रक्त तापणे वेगळे आणि निकाल देणे वेगळे. आमच्या रागाने कोणाचा जीव जात नाही. न्यायाधीशाच्या सहीने जातो. म्हणून फाशीची जन्मठेप कधी करावी, हा प्रश्न आम्हाला दयेपेक्षा न्यायाचा वाटतो.

आपला कायदाही तसेच सांगतो. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने फाशी द्यायची तर त्याची खास कारणे नोंदवण्याची अट घातली. २०२४ मध्ये लागू झालेल्या नव्या संहितेतही ती कायम आहे. १९८० च्या बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशी घटनेत बसते असे ठरवले, पण ती दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणापुरतीच ठेवली. गुन्ह्याइतकेच गुन्हेगाराकडेही पाहा, आणि तो सुधारणारच नाही हे सरकारने पुराव्यानिशी दाखवावे, असेही सांगितले. न्या. पी. एन. भगवती यांचे मत मात्र वेगळे पडले. सारख्याच गुन्ह्यात एक न्यायाधीश फाशी देतो, दुसरा जन्मठेप. आणि दोर बहुधा गरिबाच्याच गळ्यात पडतो, असा त्यांचा आक्षेप होता.

हा आक्षेप किती खरा ठरू शकतो, ते आपल्याच महाराष्ट्रात दिसले. २००३ साली नाशिकजवळ एका झोपडीवर दरोडा पडून पाच माणसे मारली गेली. भटक्या जमातीतले सहा गरीब पुरुष पकडले गेले. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेप केली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशी सुनावली. आणि २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले! बचावलेल्या साक्षीदाराने आधी छायाचित्रांवरून भलतीच माणसे ओळखली होती, त्या दिशेने तपासच झाला नव्हता. सहांपैकी एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. सरकारने प्रत्येकी पाच लाख रुपये द्यावेत, असा हुकूम झाला. मधल्या दहा वर्षांत दोर ओढला गेला असता, तर ते पैसे कोणाच्या हातात ठेवले असते?

किसासचा दाखला देऊन कोणी म्हणेल, जिवाबद्दल जीव हाच आपला कायदा. पण सूरह बकराच्या १७८ व्या आयतीत किसासबरोबरच माफीचा आणि दियतचा रस्ताही सांगितला आहे. माफीचा तो हक्क मयताच्या वारसांचा आहे. भारतीय कायद्यात वारसांच्या माफीने फाशी टळत नाही, खून हा सरकारविरुद्धचा गुन्हा मानला जातो. म्हणजे वारसांच्या हातातला हा रस्ता इथे बंद आहे. मग सारा भार न्यायाधीशावर येतो. अशा वेळी फुकहांनी घालून दिलेला दंडक त्याच्या उपयोगी पडावा : शंका उरली तर हद्द टाळावी.

आमच्या मते तीन ठिकाणी न्यायालयाने फाशी बदललीच पाहिजे. पुराव्यात किंचितही शंका उरली असेल तर. आरोपीचे वय, गरिबी, मनाची अवस्था आणि तुरुंगातले वागणे न तपासताच शिक्षा झाली असेल तर. आणि दयेचा अर्ज वर्षानुवर्षे फायलीत पडून राहिला असेल तर. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १५ जणांची फाशी जन्मठेपेत बदलली, त्यातले मुख्य कारण हा विलंबच होता. रोज सकाळी पावलांचा आवाज ऐकून दचकणे, ही शिक्षा कोणत्याही कलमात लिहिलेली नाही.

मग ज्यांचे माणूस गेले, त्यांचे काय? त्यांच्या दुःखापुढे आमचे हे युक्तिवाद थिटे आहेत, याची आम्हाला जाणीव आहे. त्यांना समज देण्याचा अधिकारही आम्हाला नाही. एवढेच सांगावेसे वाटते की जन्मठेप म्हणजे सुटका नव्हे. मरेपर्यंत तुरुंगात ठेवण्याचा आदेश देता येतो, हे २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच स्पष्ट केले आहे. नाशिकच्या त्या कुटुंबाला सहा निरपराध्यांच्या मरणाने काय मिळाले असते? खरे गुन्हेगार तर मोकळेच राहिले असते, आणि त्यांना शोधण्याचे कारणही कोणाला उरले नसते.

जन्मठेपेतल्या माणसाच्या कोठडीचे कुलूप उद्या उघडता येते. कबर उघडून माफी मागता येत नाही.