वादळात देव काय करतो?

दोस्तहो, धर्माचं नाव काढलं की आपल्या बैठकीत कुणीतरी लगेच म्हणतं, अफूची गोळी! विषय तिथंच मिटतो. प्रश्न मात्र मिटत नाही. गावानं बहिष्कार टाकला, रात्री वस्तीवर दगड आले, मोर्चात पुढं चालणाऱ्या पोराच्या बापाला मळ्यावर उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं, की पोटात जो गोळा उठतो त्याचं काय करायचं? पुस्तकातल्या सिद्धांतानं तो विरघळत नाही. म्हणून आज एका ख्रिस्ती माणसाची भीती तपासून बघू. मार्टिन ल्यूथर किंगची.

1 डिसेंबर 1955. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात मॉन्टगोमेरी शहरात रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या काळ्या बाईनं गोऱ्या उतारूसाठी बसमधली जागा सोडली नाही. तिला अटक झाली. त्याच रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेनं सायक्लोस्टाईलवर हजारो पत्रकं काढली. आपला हा अंक निघतो तशीच. 5 डिसेंबरपासून काळ्यांनी बसवर बहिष्कार घातला. आपल्याकडं बहिष्कार गाव टाकतं, आपल्यावर. तिथं तळातल्यांनी तो वरच्यांवर टाकला. मोलकरणी, मजूर मैलोगणती पायी चालले.

पुढारी झाला 26 वर्षांचा पाद्री किंग. बाप पाद्री, आजा पाद्री. श्रद्धा घरात वारशानं आलेली, जमीनजुमला येतो तशी. मग धमक्या सुरू झाल्या. 27 जानेवारी 1956 च्या रात्री फोन आला : शहर सोड, नाहीतर तुला मारू, घर उडवू. बायको झोपलेली, पोर दोन महिन्यांची. किंग स्वयंपाकघरात कॉफी करून बसला. त्यानं पुढं स्वतःच लिहून ठेवलंय की भ्याड न दिसता यातून अंग कसं काढून घ्यावं, हेच त्या वेळी डोक्यात चाललं होतं. वारशाचा देव त्या रात्री पुरला नाही. शेवटी डोकं हातात धरून त्यानं देवाला सांगून टाकलं की आपण घाबरलोय, ताकद संपलीय.

उत्तर काय मिळालं? घर वाचेल असं काही त्याला ऐकू आलं नाही. न्यायासाठी उभा राहा, तू एकटा नाहीस, एवढंच. तीन दिवसांनी, 30 जानेवारीला, घराच्या ओसरीवर बॉम्ब फुटला. आतली माणसं वाचली. म्हणजे वादळ काही थांबलं नव्हतं. थांबला होता तो पळण्याचा विचार.

बायबलात गालील समुद्रातल्या वादळाची गोष्ट आहे. होडीत पाणी शिरतंय, शिष्यांची बोंबाबोंब चाललीय, आणि येशू झोपलाय. उठून तो वादळ शमवतो आणि विचारतो, इतके का भ्यालात? पाद्री यातला चमत्कार सांगतात. मला त्यातली साधी गोष्ट मोठी वाटते. ही होडी पलीकडच्या किनाऱ्याला निघाली होती म्हणून वादळात सापडली. काठावर बसून राहिले असते तर कशाला भ्यायची वेळ आली असती?

पण तेच बायबल काठावर बसणाऱ्यांच्याही हातात होतं, हे विसरू नका. 1963 साली बर्मिंगहॅमच्या आठ गोऱ्या धर्मगुरूंनी, त्यात सात ख्रिस्ती, काळ्यांच्या निदर्शनांविरुद्ध जाहीर पत्रक काढलं. धीर धरा म्हणाले. किंगनं त्यांना तुरुंगातून उत्तर लिहिलं. देव एक, पुस्तक एक. एकाला ते रस्त्यावर आणतं, दुसऱ्याला गादीवर बसवून ठेवतं. तेव्हा श्रद्धा आहे की नाही, एवढं विचारून भागत नाही. ती माणसाला उठवते की बसवते, हे विचारलं पाहिजे.

आता आपल्याकडं बघा. त्याच 1956 साली, 14 ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी नागपुरात लाखोंना धम्मदीक्षा दिली, 22 प्रतिज्ञा दिल्या. त्यानंतर घराघरांतून मरीआई, म्हसोबा बाहेर काढले गेले. ते देव आपल्या भीतीवरच जगत होते. कोप होईल, पटकी येईल, पोर दगावेल! तिथला काळा माणूस देवाला धरून भीतीतून उठला, आपण देव टाकून उठलो. वाटा उलट्या दिसतात. पण कसोटी एकच : मालकापुढं वाकलेली पाठ सरळ झाली का?

आणि ती एकट्याची सरळ होत नसते. फेब्रुवारी 1956 मध्ये मॉन्टगोमेरीत बहिष्काराच्या ऐंशीच्या वर कार्यकर्त्यांवर खटले भरले. पोलीस घरी येण्याआधीच माणसं आपल्या पायांनी हजर व्हायला लागली. यादीत आपलं नाव आहे का म्हणून विचारायला लागली! काल ज्या तुरुंगाच्या नावानं काळीज हलायचं, तिथं आज रांग. हे धैर्य चर्चमधल्या सभांतून आलं होतं. तिथं प्रत्येकाला दिसत होतं की शेजारचाही घाबरलाय आणि तरी आलाय. 381 दिवसांनी बहिष्कार संपला, आणि बसमधला भेदभाव कायद्यानं गेला.

कुणी म्हणेल, शेवटी देवानं किंगला वाचवलं का? नाही वाचवलं. 4 एप्रिल 1968 ला मेंफिसमध्ये त्याला गोळी घातली. वय 39. तिथं तो कशाला गेला होता? कचरा उचलणाऱ्या कामगारांच्या संपासाठी. कचऱ्याच्या ट्रकमध्ये चिरडून दोन कामगार मेले होते, म्हणून तो संप पेटला होता. किंग गेला, पण त्याच महिन्यात नगरपालिकेला कामगारांची युनियन मान्य करावी लागली. आपल्या झाडूवाल्यांच्या, गटारात उतरणाऱ्यांच्या पोरांनी ही गोष्ट पाठ करावी.

श्रद्धा म्हणजे विमा नव्हे. ख्रिस्ती असो, बौद्ध असो, देव न मानणारा असो, भीती प्रत्येकाच्या पोटात राहणारच. तिला राहू द्या. फक्त निर्णय तिच्या हातात देऊ नका. आणि तुमच्या शेजारी एखादा ख्रिस्ती भाऊ येशूचं नाव घेऊन मोर्चात उभा राहिला तर त्याला अफूचं व्याख्यान देत बसू नका. झेंड्याचं एक टोक त्याच्या हातात द्या.

जयभीम!