छावणी थांबली



बेहाआलोतेखा या पाराशाच्या शेवटी एक प्रसंग आहे. तो इतक्या थोडक्यात सांगितला आहे की वाचणाऱ्याचे लक्ष बहुधा त्यावरून निसटते. मिर्याम आपल्या भावाविषयी, मोशे रब्बेनूंविषयी, नको ते बोलली आणि तिच्या अंगावर कोड उठले. मोशेंनी तिच्यासाठी प्रार्थना केली. इब्रीत ती अवघ्या पाच शब्दांची आहे. मिर्यामला सात दिवस छावणीबाहेर ठेवण्यात आले, आणि ती परत येईपर्यंत लोकांनी कूच केले नाही. बायका, मुले, गुरेढोरे, मिश्कान, सारे एका आजारी बाईसाठी सात दिवस खोळंबून राहिले. आपले हकामीम सांगतात की बाळ मोशेंची पेटी नदीत ठेवली तेव्हा हीच बहीण काठावर घटकाभर थांबली होती. त्या घटकेची ही फेड.

या प्रसंगावर आज लिहिण्याचे कारण घरचेच आहे. आम्हांला लिंफोमा झाला आहे. आपल्यात 'तो आजार' किंवा 'मोठा आजार' असे म्हणून पुढे जातात. आम्ही सरळ लिहितो : लसिका ग्रंथींचा कॅन्सर. हे एक वाक्य लिहायला आम्हांला चौदा महिने लागले.

कोकणात अनवाणी हिंडताना पायात काटा मोडला की जांघेत गाठ यायची. घरची म्हातारी माणसे म्हणत, "अवधाण आलंय, शेक द्या." ते अवधाण म्हणजे लसिका ग्रंथीच. रक्ताबरोबर अंगात आणखी एक फिकट पाणी वाहत असते, ती लसिका. तिच्या वाटेवर मान, काख, जांघ, पोट अशा ठिकाणी या ग्रंथी चौक्यांसारख्या बसलेल्या असतात, आणि त्यांतल्या पांढऱ्या पेशी बाहेरून आलेल्या रोगाशी लढतात. लिंफोमात या राखणदार पेशीच बिघडतात. मरायच्या वेळी मरत नाहीत, वाढत जातात. अवधाण दुखते. ही गाठ बहुधा दुखत नाही, आणि म्हणूनच माणूस फसतो. आमच्या मानेवर बोराएवढी गाठ होती. ती दुखत नाही म्हणून आम्ही चार महिने तिच्याकडे पाहिले नाही, आणि हे आम्ही, ज्यांनी जन्मभर मुलांना विज्ञान शिकवले! कारण नसताना ताप येणे, रात्री कपडे भिजतील इतका घाम सुटणे, वजन आपोआप उतरणे, या खुणाही ध्यानात ठेवाव्यात. गाठ आठवड्यांमागून आठवडे तशीच राहिली तर डॉक्टरकडे जावे. नुसत्या सुईने पुष्कळदा नीट उलगडा होत नाही. बहुधा अख्खी ग्रंथी काढून तपासावी लागते.

या आजाराशी ज्याचे नाव जोडले गेले तो डॉक्टर आपल्यापासून लांब नाही, तो याफोच्या मातीत आहे. थॉमस हॉजकिन याने 1832 साली लंडनमध्ये ग्रंथी सुजून मेलेल्या काही रोग्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. तो क्वेकर पंथाचा ख्रिस्ती, पण सर मोझेस मॉन्टेफिओरे यांचा जिवलग मित्र. त्यांच्याबरोबर तो या देशात आला असता 1866 साली याफोत वारला, आणि त्याच्या कबरेवर मॉन्टेफिओरे यांनी स्तंभ उभारला. हॉजकिनच्या नावाचा प्रकार आज बहुतेक रोग्यांत पूर्ण बरा होतो. बाकीच्या डझनावारी प्रकारांना मिळून नॉन-हॉजकिन म्हणतात. त्यांतले काही वेगाने वाढतात, पण औषधाने मुळापासून जाऊही शकतात. काही सावकाश चालतात, औषधाने वर्षानुवर्षे दबतात आणि पुन्हा डोके काढतात. आमचा हा दुसरा, फॉलिक्युलर.

कुपत होलीमच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले, "चौथी पायरी आहे, पण आत्ता औषध नको. दर तीन महिन्यांनी या." आमच्या पायांखालची जमीन सरकली. चौथी पायरी, आणि औषध नाही? आम्हांला वाटले, बाईंनी आशाच सोडली. पुढे समजले की या आजारात पेशी मुळातच अंगभर फिरणाऱ्या, म्हणून चौथ्या पायरीचा अर्थ इतर कॅन्सरसारखा होत नाही. आणि त्रास नसताना या सावकाश प्रकारावर लगेच औषध दिल्याने आयुष्य वाढते असे आढळलेले नाही.

पण ते समजेपर्यंत आम्ही लपवू लागलो होतो. धाकट्या मुलीचे लग्न ठरत होते. लोक काय म्हणतील? दृष्ट लागेल, सोयरिकीत विचारतील, घराण्यातच आहे म्हणतील. (हा आजार स्पर्शाने लागत नाही, आणि आईबापांकडून मुलांना सरळ येणाराही नाही, पण अफवेला कोण समजावणार?) सिनेगॉगला जाणे कमी झाले तेव्हा गुडघ्यांचे निमित्त सांगितले. जुन्या मित्राच्या घरच्या मलिद्याला गेलो नाही. तो रुसला तो रुसलाच. सर्वांत वाईट म्हणजे आमच्या पत्नीला, जिने कधी खोटे बोललेले आम्हांला आठवत नाही, फोनवर रोज खोटे बोलावे लागले. मिर्यामला छावणीबाहेर ठेवले ते परमेश्वराच्या आज्ञेने. आम्ही आपल्याच पायांनी बाहेर गेलो, आणि कोणी थांबत नाही म्हणून मनात कुढत राहिलो. आपण बाहेर आहोत हे छावणीला कळवलेच नव्हते, मग ती थांबणार कशी?

इथे कोणी विचारील, आणि आम्हांला एकाने विचारलेही, की मिर्यामचे दुखणे पापाची शिक्षा होती, मग तुमचे? त्याला आमचे उत्तर असे : मिर्यामचे कारण तोराने स्वतः सांगितले आहे म्हणून आपल्याला ठाऊक आहे. आमचे कोणी सांगितलेले नाही, आणि आपल्यात आज कोणी नाबी नाही. इयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस गप्प बसले, तोवर ते खरे मित्र होते. तोंड उघडून त्याची पापे मोजू लागले आणि परमेश्वराचा कोप ओढवून बसले.

पुढे गाठी वाढल्या, पोटातल्या ग्रंथी दाबू लागल्या आणि औषध सुरू झाले. दर अठ्ठावीस दिवसांनी दोन दिवस, अशा सहा फेऱ्या. त्यात रितुक्सिमॅब हे 1997 पासून वापरात आलेले औषध, जे बिघडलेल्या पेशी हुडकून त्यांना चिकटते. आम्ही एलियाहू हन्नाबीचा नवसही केला आणि सलाईनही लावून घेतले. जखमी माणसाला बरे करवावे असे तोरात आहे, त्यावरूनच हकामीमांनी वैद्याला परवानगी दिली. त्या वर्षी किप्पूर औषधाच्या मधोमध आला. राव म्हणाले, खा, आज तुमचे खाणे हीच मित्झवा. आम्ही दार लावून भात खाल्ला. तो घास गिळताना काय वाटले ते लिहिता येत नाही.

तिसऱ्या फेरीनंतर पत्नीनेच तो रुसलेला मित्र गाठला आणि सगळे सांगून टाकले. तो दुसऱ्या दिवशी दारात हजर. आत आला नाही, कारण त्याला सर्दी होती. उंबऱ्याबाहेरून हातबोशी केली, भाजीची पिशवी ठेवली आणि आमच्या जिन्यावरचा केर काढून गेला. तालमूदात रब्बी अकिवांची गोष्ट आहे. त्यांचा एक शिष्य आजारी पडला, कोणी विचारपूस केली नाही. अकिवा स्वतः गेले. ते आले म्हणून घर झाडले गेले, सडा पडला, आणि शिष्य उठून बसला. त्या दिवशी आम्हांला ही गोष्ट झाडूच्या आवाजात ऐकू आली.

बिकूर होलीमला जाणाऱ्यांनी आधी फोन करावा. खोकला-सर्दी असेल तर दुरूनच पाहावे, कारण औषधांच्या दिवसांत रोग्याचे राखणदार कमी झालेले असतात. त्याला 38 अंशांवर ताप आला तर सकाळची वाट न पाहता लगेच इस्पितळात न्यावे. "बरे झालात ना?" असे विचारू नये. आमचा आजार सध्या निजला आहे, इतकेच डॉक्टर म्हणतात. दर तपासणीच्या आधीची रात्र आम्ही जागून काढतो. बाकीच्या रात्री झोप लागते.

मुलीचे लग्न झाले. जावयांना सर्व सांगूनच झाले. ते म्हणाले, त्यांच्या आजीलाही हेच होते, घरात कोणी बोलत नसे.

गब्बाईंकडे मी-शेबेराखची यादी असते. नाव आईच्या नावासह द्यावे लागते. शुक्रवारी दुपारपर्यंत दिले तर त्याच शब्बाथला पुकारले जाते. आमचे तिथे आहे.