कोणाचे माप खरे?

‘डिमेन्शिया’ ह्या विकारासाठी मराठीत ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द रूढ झाला आहे. तो ऐकताच गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील उतरंड आठवते: क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतीचा भ्रंश, त्यातून बुद्धीचा नाश आणि अखेर सर्वनाश. तेथे हा शब्द विषयांमागे गेलेल्या मनाची अधोगती सांगतो. येथे तो मेंदूच्या आजाराचे नाव आहे. तरी येताना तो आपला जुना निवाडा बरोबर घेऊन येतो. स्मृती गेली की माणूस संपला, असे आपण मनाशी ठरवून टाकतो. खुद्द त्या माणसाला विचारायचे राहून जाते.

विचारण्याचा एक गंभीर प्रयत्न अमेरिकेत झाला. वॉशिंग्टन विद्यापीठातील रेबेका लॉग्सडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये अल्झायमरच्या रुग्णांच्या जीवनाची गुणवत्ता मोजणारी प्रश्नावली मांडली. प्रकृती, उत्साह, मनःस्थिती, स्मरणशक्ती, कुटुंब, मित्र, पैसा अशा १३ बाबी. प्रत्येकीला १ ते ४ गुण. तेच प्रश्न एकदा रुग्णाला आणि एकदा त्याची शुश्रूषा करणाऱ्या आप्ताला विचारायचे. अशा अभ्यासांत वारंवार आढळते, की आप्ताने दिलेले गुण रुग्णाच्या स्वतःच्या गुणांहून कमी असतात.

ह्यांतले खरे माप कोणते? रुग्णाला आपली अवस्था उमगतच नाही, असे म्हणता येईल, आणि ते पुष्कळदा खरेही असते. परंतु आप्तही तटस्थ नसतो. तो समोरच्या माणसाची तुलना कालच्या माणसाशी करीत असतो. त्याचा शोक आणि त्याचा थकवा त्या गुणांत उतरतो. लॉग्सडन यांनी दोन्ही मापे एकत्र करताना रुग्णाचे गुण दुप्पट धरले, त्यांत आप्ताचे मिळवले आणि बेरजेला ३ ने भागले. हे दोनास एक प्रमाण कोणत्याही गणिताने सिद्ध होत नाही. तो एक नैतिक निर्णय आहे.

ह्या निर्णयावर तत्त्वज्ञांतही वाद आहे. मार्गो ह्या नावाने ओळखल्या गेलेल्या एका रुग्ण स्त्रीचे उदाहरण प्रसिद्ध आहे. ती रहस्यकथा वाची, पण पाने कोठूनही कोठे उलटी. तेच ते चित्र पुनःपुन्हा रंगवी, आणि आनंदात असे. रोनाल्ड ड्वॉर्किन यांनी १९९३ मध्ये प्रतिपादन केले, की जाणतेपणी तिने उपचार नाकारून ठेवले असतील, तर आजच्या आनंदापेक्षा तिच्या त्या इच्छेला मान द्यावा. रेबेका ड्रेसर यांनी १९९५ मध्ये उलट बाजू मांडली: आज समोर जी आहे तिचे हित आधी पाहावे.

माझा कल ड्रेसर यांच्याकडे आहे. पण एक शंका मला सोडत नाही. दीर्घकाळ वंचित राहिलेला माणूस आपल्या अपेक्षा आखडून घेतो आणि मिळेल त्यात समाधान मानतो, हे अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले आहे. मग खिडकीशी दिवसभर एकटी बसवलेली म्हातारी ‘बरं आहे’ म्हणाली, तर आपण सुटलो काय?

मला वाटते, येथे दोन प्रश्न एकात मिसळले आहेत. तिला कसे वाटते, ह्याचे उत्तर देण्याचा अधिकार तिचाच. आपण तिच्याशी कसे वागतो, ह्याचा हिशेब मात्र तिच्या समाधानाने पुरा होत नाही. ज्यांना उत्तरे देणेही अशक्य झाले आहे, त्यांच्यासाठी ब्रॅडफर्ड येथे टॉम किटवुड यांनी निरीक्षणाची एक पद्धत विकसित केली. निरीक्षक दर पाच मिनिटांनी रुग्ण काय करतो, बरा दिसतो की त्रासलेला, हे टिपतो. आणि सेवकांचे वागणे रुग्णाला हिणवणारे ठरले, तर तेही नोंदवतो.

त्या नोंदवहीत रुग्णाबरोबर आपलेही माप घेतले जाते. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला कालचा अवमान आज आठवणार नाही. म्हणूनच तो आठवणीत ठेवण्याची जबाबदारी ज्यांची स्मृती शाबूत आहे त्यांच्यावर येते.