उरलेल्यांचे काय?

उर्दूत निवडीला 'इंतिखाब' म्हणतात. मिर्झा गालिब यांनी स्वतःच्याच शेरांचा इंतिखाब फार कठोरपणे केला. १८४१ साली दिल्लीत त्यांचा उर्दू दीवान छापला गेला, त्यात सुमारे अकराशेच शेर होते. तरुणपणी लिहिलेले कितीतरी शेर त्यांनी बाजूला काढले होते. पण १८२१ सालचे एक हस्तलिखित भोपाळमध्ये जपले गेले होते. ते १९२१ साली 'नुस्खा-ए-हमीदिया' या नावाने प्रसिद्ध झाले आणि वगळलेले शेरही रसिकांनी आपलेसे केले.

तरी गालिबांनी अन्याय केला असे म्हणता येणार नाही. शेर त्यांचे, नकारही त्यांचाच. शिवाय वगळलेला शेर शंभर वर्षे थांबू शकतो.

माणसांचे तसे नसते. वक्तृत्व स्पर्धेसाठी वर्गातल्या साठ मुलांतून दोघांची निवड करायची असते. हात वर करणारी, स्पष्ट उच्चारांची मुले पटकन नजरेत भरतात. दरवर्षी तीच निवडली जातात आणि म्हणून तीच तयार होतात. मागच्या बाकावरची मुलगी मात्र आपल्याला बोलताच येत नाही, असे धरून चालते. तिचे न बोललेले भाषण कुठल्याही भोपाळमध्ये जपलेले नसते.

जागा दोनच असतील तर दोघांनाच निवडावे लागेल; त्यात गुन्हा नाही. पण निवडणाऱ्याची जबाबदारी तिथे संपत नाही. उरलेल्या अठ्ठावन्न मुलांना आपण काय दिले, याचाही हिशेब त्याच्याकडे असला पाहिजे.